ग्रंजची गिटार परतली, पण गळा कुठे आहे?

निवडुंग

ग्रंज (नव्वदच्या दशकात गाजलेले, सिॲटलचे जड गिटारींचे रॉक संगीत) परत आले आहे, असे गेली दहा-बारा वर्षे अधूनमधून कोणीतरी जाहीर करते आणि दर वेळी त्या मजकुराशेजारी निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनचे छायाचित्र छापले जाते. माझी अडचण अशी आहे, की ज्या नव्या बँडांविषयी हे लिहिले जाते, त्यांतले फारच थोडे निर्वाणासारखे वाजतात, आणि साउंडगार्डन किंवा ॲलिस इन चेन्ससारखे गाणारे तर मला जवळपास कोणीच आढळलेले नाही. या विसंगतीवर थोडा विचार केला, त्याचे टिपण येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि पटत नसेल तेथे मुद्देसूद विरोध करावा.

पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउन या गावचा सुपरहेवन हा बँड आधी डेलाइट या नावाने वाजवत असे. त्यांचा 'जार' हा अल्बम २०१३ मध्ये आला आणि 'अवर्स इज क्रोम' २०१५ मध्ये. पुढे बँड जवळपास थांबलाच होता. परंतु २०२३ मध्ये 'जार'मधले 'यंगेस्ट डॉटर' हे गाणे टिकटॉकवर अचानक पसरले आणि अल्बम निघाला तेव्हा जी मुले प्राथमिक शाळेत होती, त्यांच्या कानांवर ते जाऊन पोहोचले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दहा वर्षांच्या खंडानंतर नवा अल्बम काढला. ह्यूस्टनच्या नॅरो हेडने २०२० मध्ये 'ट्वेल्थ हाउस रॉक' आणि २०२३ मध्ये 'मोमेंट्स ऑफ क्लॅरिटी' काढला. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या बेसमेंटचा 'कलरमीइनकाइंडनेस' त्याही आधीचा, २०१२ चा. हे तिन्ही बँड मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे लिखाण कोणाला कुरकुर वाटणार नाही.

हे अल्बम एकापाठोपाठ एक ऐकले, की साम्य चटकन लक्षात येते. गिटारी जाड आणि खालच्या सुरांत लावलेल्या आहेत, लय संथ आणि जड आहे, ड्रमचा ठोका छातीवर बसतो. आणि या सगळ्याच्या मधोमध जो गाणारा आहे, तो बहुतेक वेळ मवाळ, किंचित थकलेल्या आवाजात, गिटारीच्या वर न येता गात असतो. तो वाईट गातो असे मुळीच नाही. मात्र गाणे त्याच्या गळ्यावर उभे नसते. गळा काढून टाकला तरी गाण्याचा सांगाडा तसाच राहील, असे अनेकदा वाटते.

आता सिॲटलकडे वळू. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा 'टेन' आला, सप्टेंबरात निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, १९९२ मध्ये ॲलिस इन चेन्सचा 'डर्ट' आला आणि १९९४ मध्ये साउंडगार्डनचा 'सुपरअननोन'. या चार बँडांच्या गिटारी एकमेकींसारख्या नाहीत. खरे तर चारही बँडांना एकाच नावाखाली बसवणे हेच धाडसाचे आहे. त्यांना जोडणारी गोष्ट मला गळ्यात दिसते. साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल तार सप्तकात जाऊन तेथे नुसता टिकत नसे, तेथे आणखी जोर लावत असे. लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे दोन आवाज एकमेकांना इतके चिकटून चालत, की त्या घर्षणातूनच ॲलिस इन चेन्सचा सगळा अंधार तयार होई. पर्ल जॅमच्या एडी व्हेडरचा आवाज छातीतून येई. स्क्रीमिंग ट्रीजच्या मार्क लॅनेगनचा आवाज खरखरीत लाकडासारखा होता. कोबेनचा गळा या सर्वांच्या तुलनेत लहान, परंतु ओळीच्या शेवटी तो ज्या तऱ्हेने फाटे, ती तऱ्हा दुसऱ्या कोणाला साधली नाही.

मग नव्या मंडळींनी गिटार घेतली आणि गळा का सोडला? माझे उत्तर असे, की गळ्याची वाट मध्यंतरी नासली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी रेडिओवर जी दुसरी फळी आली, तिने व्हेडर आणि स्टेली यांच्या गाण्यातली बाह्य लकब तेवढी उचलली: जबडा आवळायचा, स्वर घशाच्या मागे ढकलायचे आणि प्रत्येक ओळ जणू आयुष्यातली शेवटची ओळ आहे अशा आवेशाने म्हणायची. क्रीडचा 'ह्यूमन क्ले' १९९९ मध्ये आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या निकलबॅकने तोच साचा आणखी गुळगुळीत केला. खप प्रचंड झाला आणि थट्टाही तितकीच झाली. जी मुले त्या काळात शाळेत होती, तीच पुढे २०१० नंतर बँड काढू लागली. त्यांच्या दृष्टीने जाड गिटार आदरणीय राहिली होती, परंतु पुरुषाने छाती फुगवून गाणे हा विनोदाचा विषय झाला होता. म्हणून त्यांनी गिटार सिॲटलकडून घेतली आणि गाणे शूगेझ बँडांकडून घेतले, जेथे आवाज मुद्दाम धुक्यात ठेवला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी उलट उदाहरणे द्यावीत.

मंद्र

निवडुंग, धागा उत्तम आहे, पण कारणमीमांसा मला अर्धीच पटली. या मुलांनी क्रीडला घाबरून गळा सोडला, असे म्हणताना आपण ती कोठून आली हे पाहिलेले नाही. सुपरहेवन, टायटल फाइट, बॅलन्स अँड कंपोझर, सिटिझन, बेसमेंट ही सारी मंडळी हार्डकोर (पंकचे वेगवान, आक्रमक रूप) आणि इमो (त्याचीच भावनाप्रधान शाखा) यांच्या वर्तुळातली आहेत. त्या वर्तुळात गाणारा मुळात गात नसतो, ओरडत असतो, आणि समोरची मुले त्याच्या हातातला मायक्रोफोन ओढून त्याच्याबरोबर ओरडत असतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने गाण्याची लय उतरवली, की त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: ओरडत राहणे किंवा आवाज पूर्ण खाली आणणे. कॉर्नेलसारखे गाणे हा तिसरा मार्ग त्याच्या परंपरेत नव्हताच, त्यामुळे तो सोडण्याचाही प्रश्न आला नाही. पेनसिल्व्हेनियातल्याच किंग्स्टनच्या टायटल फाइटचे २०१२ चे 'फ्लोरल ग्रीन' आणि २०१५ चे 'हायपरव्ह्यू' लागोपाठ ऐकावेत. पहिल्यात बराचसा आरडाओरडा आहे आणि दुसऱ्यात तो जवळजवळ विरघळून गेला आहे. तीन वर्षांत, तोच बँड.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. फिलाडेल्फियाजवळ कॉन्शोहॉकन नावाचे छोटे गाव आहे, तेथे स्टुडिओ ४ नावाचा स्टुडिओ आहे आणि तेथे विल यिप नावाच्या निर्मात्याने वर्षानुवर्षे काम केले आहे. 'फ्लोरल ग्रीन', सुपरहेवनचा 'जार', सिटिझनचा २०१३ चा 'यूथ', बॅलन्स अँड कंपोझरचा त्याच वर्षीचा अल्बम आणि नथिंगचा २०१६ चा 'टायर्ड ऑफ टुमॉरो' हे सगळे याच माणसाच्या हाताखालून गेले आहेत. ज्याला आपण नव्या ग्रंजचा आवाज म्हणतो, त्याचा मोठा हिस्सा एका माणसाच्या कानांनी ठरवलेला आहे. सिॲटलमध्येही हेच झाले होते. जॅक एंडिनो रेसिप्रोकल रेकॉर्डिंगमध्ये बसून एकामागून एक बँड ध्वनिमुद्रित करत होता. निर्वाणाचा १९८९ चा 'ब्लीच' त्यानेच केला आणि त्याचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट इतका आला; अल्बमच्या वेष्टनावर तो ६०० डॉलर असा छापलेला आहे. तेथे सब पॉप ही कंपनी होती, येथे बॉस्टनची रन फॉर कव्हर आहे. एक स्टुडिओ, एक छोटी कंपनी आणि एकमेकांना ओळखणारे पाच-सहा बँड एवढे जमले, की बाहेरच्यांना ती चळवळ वाटू लागते.

मी कामानिमित्त काही वर्षे फिलाडेल्फियाच्या आसपास राहत होतो आणि या बँडांपैकी दोन-तीन प्रत्यक्ष ऐकले आहेत. प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणाऱ्याचा आवाज अल्बमपेक्षा बराच पुढे असतो, कारण सभोवतालची दोनशे माणसे प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणत असतात. तेव्हा गळा नाही असे म्हणण्यापेक्षा तो समूहाकडे सोपवलेला आहे, असे म्हणावे लागेल.

सांजवेळ

दोन्ही प्रतिसादांत मिळून जवळपास पंधरा बँडांची नावे आली आणि गाणाऱ्यांपैकी एकही स्त्री आलेली नाही, हे पाहून लिहावेसे वाटले.

निवडुंग, तुमचा मूळ मुद्दा मला मान्य आहे. क्रीड आणि निकलबॅक यांनी पुरुषी गळ्याची वाट नासवली, हे खरेच आहे. पण त्याच मुद्द्याचे दुसरे टोक तुम्ही पाहिलेले नाही. त्या रेडिओच्या फळीत सगळे पुरुषच होते. एल ७ या बँडच्या १९९२ च्या 'ब्रिक्स आर हेवी'मधले गाणे किंवा होल या बँडच्या 'लिव्ह थ्रू धिस'मधला कोर्टनी लव्हचा आवाज यांची नक्कल करून कोणी कोट्यवधी प्रती खपवल्या नाहीत. मिनियापोलिसच्या बेब्ज इन टॉयलंडची नक्कल करण्याची तर कोणाची छातीच नव्हती. त्यामुळे ती वाट नासली नाही, नुसती मोकळी पडून राहिली. आणि नव्या काळात ज्या मुली गाऊ लागल्या, त्यांना त्या वाटेने जाताना कोणाचीही थट्टा आठवत नव्हती.

नॅशव्हिलच्या बुली या बँडचे उदाहरण घ्या. ॲलिशिया बॉग्नॅनो ही त्याची गायिका, गिटारवादक आणि गीतकार. तिने ध्वनिमुद्रणाचे विद्यापीठीय शिक्षण घेतले आणि नंतर शिकागोत स्टीव्ह अल्बिनीच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ या स्टुडिओत उमेदवारी केली. हा तोच अल्बिनी, ज्याने १९९३ मध्ये निर्वाणाचा 'इन युटेरो' ध्वनिमुद्रित केला. बुलीचा पहिला अल्बम 'फील्स लाइक' २०१५ मध्ये आला. तो तिने त्याच स्टुडिओत स्वतः ध्वनिमुद्रित केला. आपला आवाज कोठे ठेवायचा, हे ज्या अल्बममध्ये गाणाऱ्या व्यक्तीनेच खटक्यावर बोट ठेवून ठरवले, त्या अल्बममध्ये आवाज सगळ्यांत पुढे आहे, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. कडव्यात ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि ध्रुवपदावर येताना आवाजाला अशी चीर पाडते, की स्वर जागेवर राहतो पण त्याची साल निघते. २०१७ च्या 'लूझिंग'पासून तिचे अल्बम सब पॉप काढते, म्हणजे वंशावळीचा पुरावा ज्यांना हवा असेल त्यांना तोही मिळाला.

टेक्सासमधल्या ऑस्टिनची डाय स्पिट्झ ही चार मुलींची तुकडी आहे. मंचावर त्या वाद्ये आपापसांत बदलतात आणि गाणेही वाटून घेतात. कॅनडाच्या सॉफ्टकल्टमध्ये जुळ्या बहिणी आहेत. त्यांचा कल धुक्याकडे आहे, म्हणून त्या तुमच्या बाजूच्या साक्षीदार ठरतील, हेही प्रामाणिकपणे नमूद करते. लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या मॉमाचा २०२२ चा 'हाउसहोल्ड नेम' या दोहोंच्या मधे कोठेतरी बसतो.

सहावी_तार

गळा गिटारीच्या खाली का दबतो, याला एक अगदी यांत्रिक कारणही आहे, ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

सिॲटलच्या मडहनी या बँडच्या १९८८ च्या पहिल्या छोट्या अल्बमचे नावच दोन पेडलांवरून (गिटारीचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची उपकरणे) ठेवलेले आहे. त्यांपैकी बिग मफ हे पेडल आजही कोणत्याही वाद्यांच्या दुकानात मिळते. हे पेडल लावले, की गिटारीचे खालचे आणि वरचे स्वर फुगतात, परंतु मधला पट्टा आत खचतो. बँडबरोबर वाजवताना गिटारवादकाला हा दोष वाटतो, कारण त्याची गिटार ऐकूच येईनाशी होते. गाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती सोय असते, कारण माणसाचा आवाज नेमका त्याच खचलेल्या पट्ट्यात येऊन बसतो. मडहनीचा मार्क आर्म काही थोर गायक नव्हे, तरीही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो, याचे एक कारण हे आहे.

आजच्या पद्धतीत तोच गिटारीचा तुकडा दोनदा, चारदा, कधी त्याहूनही अधिक वेळा वाजवून एकावर एक ठेवला जातो, प्रत्येक थराचे पेडल आणि ॲम्प्लिफायर वेगळे असतात, आणि वर घुमारा सोडलेला असतो. प्रत्येक थर दुसऱ्याचा खड्डा भरून काढतो. गिटारीची भिंत सलग उभी राहते आणि तिच्यात गाणाऱ्यासाठी खिडकी उरत नाही. मग गाणाऱ्याने ओरडून भिंतीवर चढायचे किंवा भिंतीतच मिसळून जायचे, एवढेच त्याच्या हाती असते. नव्या बँडांनी दुसरा पर्याय निवडला आणि तो त्यांना शोभतोही.

खालच्या सुरांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सहावी तार एक पूर्ण स्वर खाली उतरवून एका बोटाने जाड स्वर काढायचा, ही युक्ती साउंडगार्डनचा गिटारवादक किम थाइल याच्याकडे मेल्विन्स या बँडच्या बझ ऑसबोर्नकडून आली. थाइलचे आईवडील केरळचे. तो स्वतः सिॲटलमध्ये जन्मला. आपल्याकडे ग्रंजवर इतके बोलले जाते आणि या माणसाचे नाव क्वचितच निघते, याची मला नेहमी खंत वाटते. साउंडगार्डनच्या 'आउटशाइन्ड'चा तुकडा सात मात्रांचा आहे. आपल्याकडे रूपक ऐकून वाढलेल्या माणसाला त्यात अवघड असे काही वाटू नये, परंतु चार मात्रांवर मान हलवणारा श्रोता तेथे दर आवर्तनाला अडखळतो. नव्या बँडांत असली मात्रांची गंमत मला जवळपास कोठेच आढळली नाही. निवडुंग, गळ्याइतकीच ही उणीव मला जाणवते.

अडगळ

चर्चा चांगली चालली आहे, तरीही तिचा पाया कच्चा आहे, असे नम्रपणे सांगतो. ज्याला आपण सारे नवे ग्रंज म्हणत आहात, ते ग्रंज नव्हेच. नॅरो हेड ऐकताना मला सिॲटल आठवत नाही. मला इलिनॉयचा हम आठवतो, ज्याचा 'यूड प्रिफर ॲन ॲस्ट्रोनॉट' १९९५ मध्ये आला, मला स्मॅशिंग पंपकिन्स आठवतात आणि डेफ्टोन्स आठवतात. यांतला एकही बँड वॉशिंग्टन राज्यातला नाही. त्या बँडांत गळा प्रथमपासूनच गिटारीत गुंडाळलेला होता. तेव्हा सुपरहेवनने काही सोडले नाही आणि काही टाकले नाही; त्यांनी ज्यांच्याकडून घेतले, तेथे ते नव्हतेच.

राहता राहिले नाव. ते प्रथमपासूनच विक्रीसाठी वापरले गेले. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांनी सब पॉप उभी केली, तेव्हा खिशात पैसे नव्हते, पण आपल्या शहराचा डांगोरा कसा पिटावा हे त्यांना पक्के माहीत होते. १९९२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंज मंडळींच्या बोलीतल्या शब्दांची यादी छापली. ती यादी सब पॉपमध्ये पूर्वी काम केलेल्या मेगन जॅस्पर हिने फोनवर बसल्या बसल्या रचून सांगितली होती आणि त्यातले काहीच खरे नव्हते. याच बाई पुढे सब पॉपच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. हा जो खट्याळपणा मडहनीत आणि त्या सगळ्या मंडळींत होता, तो नव्या बँडांत कोठे आहे? सगळे कसे गंभीर, ओले आणि उदास. गळ्याआधी मला त्यांची विनोदबुद्धी हरवलेली दिसते.

निवडुंग

अडगळ, हम आणि डेफ्टोन्स यांचा संबंध मी नाकारत नाही. पण नव्या बँडांच्या जाहिराती, त्यांच्या चाहत्यांनी केलेल्या याद्या आणि त्यांना दिलेली लेबले यांत सिॲटल सतत येते, म्हणून तुलना टाळता येत नाही. विनोदबुद्धीचे म्हणाल, तर लीड्सच्या डायनोसॉर पाइल-अपचा 'सेलिब्रिटी मॅन्शन्स' ऐकावा. २०१९ चा आहे आणि ओला तर मुळीच नाही. ब्रिस्बेनच्या व्हायलंट सोहोलाही ही थट्टेखोर वृत्ती साधली होती. त्यांचा 'वाको' २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि मॅन्सफिल्डसारख्या उपनगरातल्या चार मित्रांनी तो तेथवर नेला.

सांजवेळ, तुमचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि त्याला जोडून एका पुरुषाचे नाव पुढे करतो. इंग्लंडच्या वंडरहॉर्सचा जेकब स्लेटर. त्यांचा २०२२ चा 'कब' हा अल्बम नीटनेटका, गीतकाराच्या वळणाचा होता. दुसऱ्या अल्बमसाठी ते मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सजवळच्या पॅचिडर्म स्टुडिओत गेले. तुम्ही ज्या 'इन युटेरो'चा उल्लेख केला, तो याच जागी झाला होता, १९९३ च्या फेब्रुवारीत. बुलीचा २०२० चा 'शुगरएग'सुद्धा तेथेच झाला आहे. वंडरहॉर्सचा 'मिडास' २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. त्याचे शीर्षकगीत सुरू होते, तेव्हा गिटार पुरती सुरात आहे की नाही अशी शंका यावी इतकी ती उघडी आहे. सहावी_तार म्हणतात तशी थरांची भिंत येथे नाही. माणसे एका खोलीत उभी राहून वाजवत आहेत हे ऐकू येते, आणि त्यामुळे स्लेटरला ओळ अर्ध्यात तोडण्याची, स्वर घसरू देण्याची, मधेच दात खाण्याची जागा मिळते. अल्बिनी खोलीतल्या हवेचा आवाज पकडण्यासाठी ड्रमभोवती दूर दूर मायक्रोफोन लावत असे. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला. त्याची ती रीत त्या खोलीतून अजून पुरती गेलेली नाही, असे 'मिडास' ऐकताना मला वाटते.

मंद्र, आपल्या हार्डकोरच्या मुद्द्याने माझी मांडणी सौम्य करावी लागते, हे खरे. तरीही मला एक प्रश्न उरतो. हार्डकोरमधून आलेल्या मुलांना तिसरा मार्ग परंपरेत नव्हता, असे तुम्ही म्हणता. पण पर्ल जॅमचे दोन मुख्य वादक आणि मडहनीचा गायक पूर्वी ग्रीन रिव्हर या एकाच बँडमध्ये होते आणि तो बँडही पंकच्याच वर्तुळातला होता. त्यांच्याही परंपरेत व्हेडरसारखे गाणे नव्हते. त्यांनी तसा गाणारा बाहेरून, पार सॅन डिएगोहून आणला. म्हणजे हवा असता, तर मार्ग होता.

कट्टेकरी

येथे मुंबईची आठवण थोडीशी अस्थानी होईल, तरी गळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. धोबीतलावच्या रंगभवनात होणारा इंडिपेन्डन्स रॉक आणि महाविद्यालयीन महोत्सवांतल्या बँडस्पर्धा यांतून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ल जॅम आणि ॲलिस इन चेन्स यांची गाणी भरपूर वाजत. गिटारवादक आणि ड्रमर कष्ट करून ती जशीच्या तशी बसवत, आणि मग गाणारा जबडा आवळून व्हेडर होत असे. शब्द कोणालाच कळत नसत. त्यालाही कळत नसावेत, पण त्यावाचून कोणाचे अडतही नसे. माझ्या ओळखीचा असा एक गायक घरी शास्त्रीय गाण्याची तालीम घेत होता. सकाळी गुरूंसमोर खुला आकार आणि संध्याकाळी मंचावर घसा बंद, असा त्याचा दिनक्रम होता. एकदा त्याच्या गुरूंनी हा प्रकार ऐकला आणि एवढेच विचारले, की तुला सर्दी झाली आहे का. निवडुंगनी ज्या लकबीचे वर्णन केले आहे, ती लकब क्रीडच्याही आधी आमच्याकडे येऊन पोहोचली होती, हे नोंदवून ठेवतो.

पहिला_पाऊस

मी या विषयात अगदी नवीन आहे. 'यंगेस्ट डॉटर' मलाही एका छोट्या चित्रफितीतूनच कळले आणि जुने ग्रंज मी फारसे ऐकलेले नाही. जुन्यापासून सुरुवात करावी की नव्यापासून? आणि गळा ऐकायचा म्हणजे नेमके काय ऐकायचे, हे कोणी उदाहरणाने सांगू शकेल का?

सांजवेळ

पहिला_पाऊस, नव्यापासूनच सुरुवात करा, कारण कान आधी जेथे रमला आहे तेथूनच पुढे जातो. 'जार' पूर्ण ऐका. सुपरहेवनमध्ये टेलर मॅडिसन आणि जेक क्लार्क असे दोघे गातात. प्रत्येक गाण्यात कोण गात आहे हे ओळखण्याचा प्रयत्न करा. त्यानंतर ॲलिस इन चेन्सचे 'वुड?' ऐका. ते बेस गिटारीने सुरू होते, कडवी कँट्रेल गातो आणि ध्रुवपदावर स्टेली येतो. तेथे गाणारा बदलला हे कोणी सांगावे लागत नाही. गाण्याचे तापमानच बदलते. दोन्ही बँडांत दोन गाणारे आहेत, म्हणून ही तुलना सोपी जाईल. मग बुलीचा 'फील्स लाइक' लावा. चांगले हेडफोन असतील तर उत्तम, नसतील तरी चालेल, पण फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका, त्यात बेस मुळीच राहत नाही.

सहावी_तार

सांजवेळताईंच्या यादीत साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' घालावा, अशी विनंती. सात मात्रांचा विषय निघालाच आहे.

मंद्र

निवडुंग, ग्रीन रिव्हरचे उदाहरण बिनतोड आहे आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. परंतु या धाग्यातल्या दोन सुतांची एक गाठ अजून कोणी मारलेली नाही, ती मारतो. मी विल यिपचे नाव घेतले, सांजवेळ यांनी डाय स्पिट्झचे. त्या मुलींचा 'समथिंग टू कन्झ्यूम' हा अल्बम २०२५ च्या सप्टेंबरमध्ये थर्ड मॅन रेकॉर्ड्सने काढला आणि त्याचा निर्माता विल यिपच आहे. ज्या माणसाने 'जार' केला, त्याच माणसाने हाही केला. गिटारी तशाच जाड आहेत, ड्रमचा ठोका तसाच छातीवर बसतो, आणि गळे मात्र गिटारीच्या पुष्कळ वर आहेत, किंचाळणारे, हसणारे, मधेच गोड होणारे. म्हणजे गळा मागे ठेवणे ही स्टुडिओची सवय नव्हती, ती त्या त्या बँडाची निवड होती. सहावी_तार यांच्या भिंतीच्या मुद्द्यालाही यामुळे थोडा धक्का बसतो, कारण भिंत येथेही आहे आणि तरीही गाणारी बाहेर दिसते. ती कशी, हे त्यांनी ऐकून सांगावे.

सहावी_तार

ऐकला. कडव्यांत गिटारींचे थर काढून घेतलेले आहेत आणि फक्त ध्रुवपदाला सोडलेले आहेत, ही पिक्सीज या बँडपासून चालत आलेली रीत. पण ध्रुवपदातही आवाज वर राहतो, कारण त्या स्त्रियांच्या किंकाळीचा पट्टा गिटारीच्या गर्दीच्या बराच वरचा आहे. पुरुषाचा मध्यम स्वर त्याच भिंतीत असता तर बुडाला असता. कॉर्नेल नेहमी वरच का जात असे, याचेही उत्तर कदाचित तेथेच असेल. थाइलच्या गिटारीने खाली त्याला जागाच ठेवली नव्हती.